पूजेतून उठलेला मॉनिटर

माझ्या हातून आजवर साधा उंदीरही मेलेला नाही. पण गेल्या दसऱ्याला सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात मी दोन मॉनिटर आणि एक टीव्ही मारला. त्यातला एक मॉनिटर शेजाऱ्यांचा होता.

मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे सगळे लांब उभे राहून बघत होते आणि मी पुढे होऊन बटण दाबलं होतं. (ते पंख्याचं निघालं, ही गोष्ट वेगळी.) तेव्हापासून मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक समज पसरला आणि तो मी एकतीस वर्षं मोठ्या कष्टाने टिकवला. सोसायटीत कुणाचा प्रिंटर अडला की मला बोलावणं येतं. मी जातो, चष्मा कपाळावर चढवतो, "हं..." म्हणतो आणि प्रिंटर बंद करून चालू करतो. निम्म्या वेळा तो चालू होतो. उरलेल्या निम्म्या वेळा मी "मदरबोर्ड!" एवढंच म्हणतो, चहा घेतो आणि घरी येतो.

बायको सुनंदा मराठीची शिक्षिका. सव्वीस वर्षं शाळेत शिकवून ती गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाली आणि पंधरा दिवसांत तिला घर खायला उठलं. मग तिने परदेशातल्या मराठी मुलांचा ऑनलाइन वर्ग काढायचं ठरवलं. दुबई, लंडन, न्यू जर्सी मिळून अकरा मुलं जमली. पहिला तास दसऱ्याला, संध्याकाळी पाच वाजता. आता साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त म्हटल्यावर वेळ पुढेमागे करायचा प्रश्नच नव्हता.

"लॅपटॉपवर अकरा मुलं म्हणजे चारोळ्या दिसतात हो," ती मला म्हणाली होती. "मुलाच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्याला कळलंय की नाही हे मला कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघत नाही."

म्हणून तिने लॅपटॉपला जोडायला चोवीस इंची मॉनिटर आणला. आठवडाभर त्याच्यासमोर बसून ती "नमस्कार, मुलांनो" म्हणायचा सराव करत होती. सव्वीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांना सांभाळलेली बाई, पण या अकरा जणांच्या धसक्याने तिची झोप उडाली होती.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, माहेर-सासर दोन्ही दिंडोरीकडचं. तिच्या मते ज्याच्यावर घर चालतं ते सगळं हत्यार. त्यामुळे पाटावर तिचं खुरपं (शेत धाकट्या भावाकडे, खुरपं मात्र हिच्याकडे), विळी, शिलाई मशीनची कात्री, सुनंदाचा लाल पेन आणि यंदा पहिल्यांदाच लॅपटॉप आणि मॉनिटर. सगळ्या वायरी काढून मी दोघांना शेजारी शेजारी मांडलं. झेंडूचे हार घातले. मॉनिटरला हळदीकुंकू लावलं. मग आईने मला तांदळाचं ताट दिलं.

"दत्तू, अक्षतांना तांदूळ निवडून घे. एकपण कणी नको. पूजेला कणी चालत नाय."

तांदूळ इगतपुरीच्या साडूने घरच्या शेतातला पाठवलेला. चवीला छान, पण गावच्या गिरणीतला, त्यामुळे त्यात कणी फार. मी ताट घेतलं, शेजारी मोबाइल ठेवला, एक व्हिडिओ बघितला आणि तो संपल्यावर "झाले निवडून!" म्हणून ताट परत दिलं. पुढे पूजेत मी त्या कुंकवातल्या अक्षता दोन्ही मुठींनी अशा काही उधळल्या की आई म्हणाली, "आरं, लगीन लावतो का काय त्यांचं?"

पूजेत मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. तो मी पाळला. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून लॅपटॉप पाटावरून उचलला, फुलं झाडली, टेबलावर ठेवून चालू केला. कोपऱ्यात एक चौकट आली. नवीन अपडेट तयार आहे, करू का?

सुनंदा दाराला तोरण बांधत होती. तिने स्टुलावरूनच बघितलं.

"अहो, आज नका हो त्यात काही करू. चाललंय ते चालू दे."

"अगं, नवीन काम, नवीन अपडेट! तेही मुहूर्तावर!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

सदतीस टक्क्यांवर ते अर्धा तास बसलं. मी त्याच्यासमोर बसलो. शेवटी एकदाचं शंभर झालं, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला, आणि मी मॉनिटरची वायर जोडायला घेतली. मॉनिटरच्या बाजूने सहज गेली. लॅपटॉपच्या बाजूने जरा घट्ट वाटली. मी जोर लावला. आत्ताच अपडेट झालंय, थोडं घट्ट बसणारच, असं मला वाटलं. (हे वाक्य मी आता परत वाचलं आणि मला माझी काळजी वाटली.)

मॉनिटर काळा. त्याच्यावर एक छोटीशी चौकट फिरत होती: नो सिग्नल.

मी वायर काढून घातली. नो सिग्नल. मॉनिटर बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. माझं एकतीस वर्षांचं ज्ञान एवढ्यात संपलं!

"मदरबोर्ड का?" सुनंदाने विचारलं. आवाज गोड होता. मला तो आवाज माहीत आहे.

मी गॅलरीत जाऊन पुण्याला मुलीला फोन लावला. केतकी कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे.

"बाबा, आधी वायर नीट बसलीय का बघा. लॅपटॉपच्या त्या खाचेत काही अडकलं नाही ना? टॉर्च मारून बघा."

"बघितलं," मी म्हणालो.

"खरंच बघितलं?"

"केतकी, तू रांगत होतीस तेव्हापासून मी कॉम्प्युटर हाताळतोय! वायर आहे ती, साप नाही. हा अपडेटचा घोळ आहे. पुढचं सांग."

मग तिने पुढचं सांगितलं. माझं ऐकून तिने ते सांगितलं, यात तिची काही चूक नाही. डिस्प्लेचं ड्रायव्हर काढून परत टाकायचं होतं. मी काढलं आणि लॅपटॉपवरची अक्षरं एकदम एवढाली मोठी झाली की आई तिच्या खोलीतून म्हणाली, "आता मला हितून वाचता येतंय!" परत टाकलं, अक्षरं लहान झाली, मॉनिटर काळाच. एका व्हिडिओतला तरुण म्हणाला की तीन बटणं एकत्र दाबा. मी दाबली. लॅपटॉपची स्क्रीन उलटी झाली! वरचं खाली, खालचं वर. बाण डावीकडे ढकलला की उजवीकडे जायचा. शेवटी मी लॅपटॉपच उलटा धरला, तर बटणं वर गेली. तसाच मी तो डोक्यावर धरून उभा होतो तेव्हा सुनंदा नैवेद्याचं ताट घेऊन आत आली. ताट देवापुढे ठेवून तिने नमस्कार जरा जास्त वेळ केला.

स्क्रीन कशीबशी सरळ झाल्यावर मला युक्ती सुचली. मॉनिटर नाही तर नाही, हॉलमधला टीव्ही आहे की! त्रेचाळीस इंची! मुलं चारोळीएवढी काय, खऱ्या मुलांएवढी दिसतील. आई टीव्हीवर कीर्तन बघत होती. मी "दोनच मिनिटं, आई" म्हणून टीव्हीला दुसरी वायर लावली, लॅपटॉपला लावली (इथेही जरा घट्ट गेली, मी इथेही जोर लावला), रिमोटवरून टीव्ही लॅपटॉपवर बदलला आणि मागे सरकून बघितलं.

टीव्ही निळा झाला. नो सिग्नल.

कीर्तनकार बुवा गेले, पेटी गेली, सगळं गेलं. मी वायर उपटून काढली. तरी नो सिग्नल!

"दत्तू," आई म्हणाली, "माझा टीव्ही कुठं हाय?"

आता माझ्या मेंदूने जो निष्कर्ष काढला तो मी प्रामाणिकपणे सांगतो. माझी खात्री पटली की ते अपडेट वायरीतून टीव्हीत शिरलंय! कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की दोन्ही ठिकाणी लॅपटॉप तोच होता. पण शहाणा माणूस त्या वेळी घरात एकच होता, आणि तिला टीव्ही हवा होता.

हे तपासून बघायला तिसरा पडदा हवा होता. खालच्या मजल्यावर निकम राहतात. सटाण्याकडचे, एसटीतून निवृत्त, सध्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मुलाने त्यांना एक मॉनिटर दिला होता, त्यावर ते कुस्त्या बघायचे. मी तो मागितला. त्यांनी स्वतः बंद केला, पुसला आणि स्वतः उचलून वर आणला.

"वहिनींचा पहिला तास आहे, म्हणून देतो. पण सांभाळून हां, भो."

मी वायर लावली. जरा घट्ट. जोर. निकमांचा मॉनिटर उजळला, कंपनीचं नाव आलं. मग नाव गेलं आणि ती चौकट आली. नो सिग्नल!

निकम एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलतात. त्या क्षणी ते थेट सटाण्याला पोचले.

"हाई काय व्हयनं, भो! मना नवा मॉनिटर शे तो! आत्ते तर चालू व्हता!"

"निकम, शांत व्हा. ते अपडेट पसरतंय," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. निकमांनी झटक्यात सगळ्या वायरी उपटल्या, मॉनिटर आमच्याच बेडशीटमध्ये गुंडाळला आणि मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. मॉनिटर बरा झाल्याशिवाय आपण इथून हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. (सुनंदाने त्यांना श्रीखंड-पुरी वाढली. ती त्यांनी खाल्ली. दोनदा.) मधल्या वेळात त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिलं कोण जाणे, पण वरच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा प्लगच काढून ठेवला आणि एका बाईंनी फोन करून विचारलं, "भाऊ, फ्रिज चालू ठेवला तर चालेल ना?" मला चौथा पडदा आठवला, खाली वॉचमनच्या केबिनमधला. मी नुसतं "कॅमेऱ्याचा मॉनिटर..." एवढंच म्हणालो, तर सेक्रेटरी बेडशीटसकट उठून दारात आडवे उभे राहिले.

चार वाजले. सुनंदा खोलीतून बाहेर आली. पैठणी नेसली होती. येवल्याहून तिच्या आईने तिला नोकरी लागली तेव्हा दिलेली, जांभळी. हातात वहीची पानं होती, लाल पेनाने खुणा केलेली. तिने काळा मॉनिटर बघितला, निळा टीव्ही बघितला, सोफ्यावरचं गाठोडं बघितलं.

मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "लॅपटॉपवरच घेते. नाही दिसले चेहरे तर नाही दिसले. जमेल तेवढं बोलेन मी."

आणि पदर सावरत ती त्या एवढ्याशा लॅपटॉपसमोर चष्मा वरखाली करत बसली. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आठवडाभर त्या मोठ्या पडद्याला "नमस्कार, मुलांनो" म्हणणारी बाई, आणि तिला मी, स्वतःची हुशारी दाखवायला, चारोळ्यांपुढे नेऊन बसवलं होतं. मी मनापासून "सॉरी" म्हणालो. लग्नानंतरचं हे माझं तिसरं सॉरी. पहिली दोनही कॉम्प्युटरवरूनच होती.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. कीर्तन जाऊन तिला पाच तास झाले होते.

"दत्तू, मी सकाळपासून बघते. तू ती वायर ह्या टीव्हीला लावली, त्या टीव्हीला लावली, निकमाच्या टीव्हीला लावली. सगळ्यांची पाठ बघितली. पण वायर निघते कुठून? त्याचं तोंड बघितलं का?"

"आई, अगं त्यात बघण्यासारखं काही नसतं."

"मला दाव."

मी लॅपटॉप बंद करून तिच्यापुढे आडवा केला. तिने चष्मा लावला. निकमांनी गाठोडं एका हातात धरून दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च मारला. आईने त्या खाचेत एक डोळा बारीक करून बघितलं. साठ-पासष्ट वर्षं सुपात आणि ताटात तांदूळ निवडलेला डोळा तो.

"आरं, ह्यात काहीतरी लाल हाय."

"आई, आतला भाग तसाच असतो."

"तू मला नको शिकवू. कणी हाय ती! कुंकू लागलेली!"

सुनंदाने शिलाई मशीनच्या डब्यातून बारीक सुई आणून दिली. आईने हात जराही न कापता ती सुई आत नेली, एक हलका झटका दिला आणि तळहात पुढे केला. त्यावर तांदळाचा अर्धा दाणा होता. इगतपुरीचा. कुंकवाने लाल, आणि माझ्या चार वेळच्या जोराने एका बाजूने चेपलेला.

निकम त्या कणीकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. सुनंदाने मात्र माझ्याकडे बघितलं.

"काल तांदूळ कोणी निवडले होते?" आईने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

मी लॅपटॉप चालू करून वायर घातली. या वेळी ती सरळ, लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि मॉनिटर लख्खकन उजळला! निकमांनी गाठोडं सोडून स्वतःचा मॉनिटर लावून बघितला, तोही लागला! ते मॉनिटरला पोटाशी धरून जिन्यावरून जवळजवळ पळतच गेले. राहिला टीव्ही. तो का लागत नाहीये हे मला कळेना. आईने रिमोट माझ्या हातात दिला.

"सकाळी तू यावरचं कोणतं बटण दाबलं होतं?"

मी तेच बटण परत दाबलं. बुवा आले. पेटी आली. मी सकाळी टीव्ही लॅपटॉपवर बदलला होता आणि परत सेट-टॉप बॉक्सवर आणलाच नव्हता! पाच तास! तेवढ्यात केतकीचा फोन आला, "बाबा, काय निघालं शेवटी?" मी म्हणालो, "बारीकसं हार्डवेअर होतं." मागून आई ओरडली, "कणी होती, केतके! तांदळाची कणी!" पलीकडून बराच वेळ नुसतं हसू येत राहिलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना चोवीस इंचांवर अकरा चेहरे उमटले. कुणी झोपेतून उठून आलेलं, कुणाचे दात पडलेले, एकीच्या केसांत झेंडू. सुनंदाने एकेकाकडे नीट बघितलं. आणि तिचा चेहरा असा काही उजळला की दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"नमस्कार, मुलांनो," ती म्हणाली आणि तिचा आवाज अजिबात कापला नाही.

मी तिच्या मागे, कोपऱ्यात, जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. आईने माझ्यासमोर साडूच्या तांदळाचा अख्खा डबा रिकामा केला होता, परातीत. "एकपण कणी राह्यली नाय पायजे," असं बजावून ती टीव्हीवरच्या कीर्तनाला गेली होती. मोबाइलही तिच्याकडे होता.

पंधराएक मिनिटांनी न्यू जर्सीच्या एका पोराने हात वर केला. "टीचर, तुमच्या मागे ते आजोबा काय करतायत?"

आजोबा! मला! मी मान वर केली, तर चोवीस इंचांवरचे अकराही चेहरे माझ्याकडे बघत होते. अगदी स्पष्ट, खऱ्या मुलांएवढे.

सुनंदाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "ते आमच्या घरचे कॉम्प्युटर एक्स्पर्ट आहेत, बाळा. त्यांचं अपडेट चालू आहे."

मी परातीकडे बघितलं. सदतीस टक्के झालं होतं.